साखरपुड्याच्या अंगठीतला हिरा बदलताना

लग्नाच्या दहाव्या किंवा पंचविसाव्या वाढदिवसाला साखरपुड्याच्या अंगठीत मोठा हिरा बसवून घ्यायचा, ही कल्पना ऐकायला सोपी वाटते. जुना काढायचा, नवा बसवायचा. प्रत्यक्षात अंगठीचं कोंदण एका ठरावीक मापाच्या खड्यासाठी घडवलेलं असतं. खडा बदलला की बहुधा कोंदण बदलावं लागतं, कधी वळंही, म्हणजे बोटाभोवतीची कडी. म्हणून दुकानात हिरे बघायला जाण्याआधी बोटातली अंगठी नीट तपासायची. खर्च किती, वेळ किती आणि जुन्यातलं काय राखता येईल, हे सगळं तिच्यावरून ठरतं.

आधी घरात बोला

हा भाग टाळू नका. काहींना मोठा हिरा हवा असतो, पण साखरपुड्याला बोटात चढलेला तो इवला खडा हातचा जायला नको असतो. अंगठी सासरहून आलेली असते आणि कधी कधी तिच्यात आजेसासूबाईंच्या बांगडीचं सोनं आटवलेलं असतं. अशी अंगठी परस्पर मोडीत घातली तर नव्या हिऱ्याचं कौतुक बाजूलाच राहतं.

शिवाय गुपचूप करणं जमतही नाही. रोज वापरातली अंगठी निदान आठ-दहा दिवस कारागिराकडे राहते. भेट अचानकच द्यायची असेल, तर सुटा हिरा त्याच्या प्रमाणपत्रासह डबीत द्या आणि अंगठीचा घाट दोघांनी मिळून ठरवा. आमच्या मते हाच सगळ्यांत चांगला मार्ग आहे, कारण माप, उंची आणि हिरा धरून ठेवणाऱ्या काट्यांची संख्या हे निर्णय अंगठी घालणाऱ्या व्यक्तीनेच घ्यायचे असतात. नवऱ्याच्या अंगठीतला हिरा बदलायचा असेल तरी पुढचं सगळं तसंच लागू पडतं.

जुनी अंगठी तपासणं

लागणाऱ्या वस्तू तीन: दहापट मोठं दाखवणारं भिंग, जाडी-व्यास मोजणारा डिजिटल व्हर्निअर आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा. व्हर्निअर पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. प्लॅस्टिकच्या जबड्यांचा घ्या, म्हणजे सोन्यावर ओरखडे पडत नाहीत. तपासण्याआधी अंगठी कोमट साबणाच्या पाण्यात वीस मिनिटं भिजवून मऊ ब्रशने खालच्या बाजूने स्वच्छ करा. हिऱ्याला तेलकटपणा फार पटकन चिकटतो. खाणीत खडीतून हिरे वेगळे काढायला ग्रीस लावलेली टेबलं वापरत असत, ती याच गुणामुळे. निस्तेज झालेला हिरा पुष्कळदा नुसता मळलेला असतो. धुतल्यावर तो चमकू लागला, की बदलायचा विचार काही जण तिथेच सोडून देतात.

आता खडा खरोखर हिरा आहे का ते पाहा. जुन्या अंगठ्यांमध्ये अमेरिकन डायमंड, म्हणजे क्युबिक झिरकोनिया, असण्याची शक्यता असते आणि घरात ते कुणाला आठवतही नसतं. भिंगातून पैलूंच्या कडा पाहा. रोजच्या वापराने झिरकोनियाच्या कडा बोथट होतात आणि पृष्ठभागावर बारीक चरे दिसतात. हिऱ्याच्या कडा वर्षानुवर्षं धारदार राहतात. तिरकं पाहिल्यावर मागच्या पैलूंच्या रेषा दुहेरी दिसल्या तर मॉयसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या खड्याचा संशय घ्या. सराफाकडचं पेनसारखं टेस्टर उष्णता किती भरभर वाहते ते मोजतं. त्यावर मॉयसनाइटही कधी हिरा म्हणून निघून जातो, आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर हमखास हिराच दाखवला जातो, कारण तो रासायनिकदृष्ट्या हिराच असतो.

मग वजन. हिरा न काढताही अंदाज करता येतो. गोल ब्रिलियंट हिऱ्याचं सूत्र असं: व्यास × व्यास × उंची × ०.००६१, मापं मिलिमीटरमध्ये, उत्तर कॅरेटमध्ये. समजा व्यास ४.१ आणि उंची २.५ आहे. ४.१ × ४.१ = १६.८१, गुणिले २.५ म्हणजे ४२.०३; गुणिले ०.००६१ म्हणजे साधारण ०.२६ कॅरेट, अर्थात २६ सेंट. पावतीवर ३५ सेंट लिहिलेले असतील तर हा प्रश्न सराफाला आधीच विचारायला हवा. वळ्याआडून उंची मोजता आली नाही, तर व्यासाच्या ६० ते ६२ टक्के धरा.

सोन्याचाही हिशोब घरीच करून ठेवा. हिऱ्याचा एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. अंगठीचं एकूण वजन ३.२० ग्रॅम आणि हिरा २५ सेंटचा असेल, तर हिऱ्याचे ०.०५ ग्रॅम वजा करून निव्वळ सोनं ३.१५ ग्रॅम उरतं. आतल्या बाजूला १८के७५० असा शिक्का असेल तर त्यात शुद्ध सोनं ७५ टक्के, म्हणजे २.३६ ग्रॅम. मोड घालताना जो आकडा सांगितला जाईल तो याच्याशी ताडून पाहायचा. शिक्का पुसट असेल किंवा नसेलच, तर कॅरेटमीटरवर टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढून घ्या. हे यंत्र पृष्ठभागच वाचतं, त्यामुळे पांढऱ्या अंगठीवर रोडियमचा मुलामा असेल तर तो थोडा घासून मगच वाचन घ्यायला सांगा.

शेवटी काटे आणि वळं. काट्यांची टोकं गोल, भरीव दिसायला हवीत. ती सपाट झाली असतील, साडीचा किंवा ओढणीचा धागा अडकत असेल, तर काटे झिजले आहेत. वळ्याचा तळहाताकडचा भाग सर्वांत जास्त झिजतो. तिथली जाडी १.२ मिमीच्या खाली गेली असेल तर त्यावर मोठा हिरा चढवू नका. आधी तेवढा तुकडा कापून नवं सोनं जोडावं लागेल.

कॅरेट नव्हे, मिलिमीटर

ग्राहक वजनात बोलतात, पण डोळ्याला दिसतो तो व्यास. गोल, नीट कापलेल्या हिऱ्यात २५ सेंटला साधारण ४.१ मिमी, ५० सेंटला ५.१, ७० सेंटला ५.७ आणि १ कॅरेटला ६.४ ते ६.५ मिमी येतात. म्हणजे वजन दुप्पट झालं तरी व्यास जेमतेम एक मिलिमीटरने वाढतो. बदल जाणवायला तेवढा तरी फरक हवा. २५ वरून ३० सेंटवर जाण्यात पैसे जातात आणि बोटावर काहीच वेगळं दिसत नाही.

भाव सरळ रेषेत चढत नाहीत; ५० सेंट, १ कॅरेट अशा गोल आकड्यांवर उडी घेतात. ४७-४८ सेंटचा किंवा ९२-९५ सेंटचा चांगला हिरा मिळाला तर तो जरूर घ्या. डोळ्याला फरक कळत नाही, खिशाला कळतो.

रंगाची श्रेणी डी पासून झेडपर्यंत असते. डी म्हणजे पूर्ण रंगहीन. पिवळ्या सोन्यात एच, आय, अगदी जेसुद्धा छान दिसतो, कारण कोंदणाचीच पिवळी झाक पडते. पांढऱ्या सोन्यात जी किंवा त्यावरचा घ्या. एक चूक फार वेळा होते: जुन्या अंगठीत बाजूला बारीक हिरे असतात, आय-जे रंगाचे. मधोमध डी रंगाचा हिरा बसवला की ते बाजूचे एकदम पिवळट दिसायला लागतात. म्हणून नवा हिरा जुन्या अंगठीशेजारी ठेवून, दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली नव्हे तर दारापाशी उजेडात पाहा.

स्वच्छतेत, म्हणजे आतल्या डागांच्या श्रेणीत, व्हीएस२ किंवा चांगला एसआय१ पुरतो. डाग नुसत्या डोळ्याला दिसत नसेल तर व्हीव्हीएस या वरच्या श्रेणीसाठी जास्त पैसे मोजण्याचं कारण नाही. ते पैसे कटवर, म्हणजे पैलूंच्या घडणीवर, घाला. कट कमी प्रतीचा असेल तर वरून आत गेलेला प्रकाश खालून निसटतो आणि हिरा मधोमध काळपट किंवा काचेसारखा दिसतो. खोल कापलेल्या हिऱ्यात वजन पोटात दडलेलं असतं: पैसे ५० सेंटचे आणि व्यास ४.८ मिमी. म्हणून प्रमाणपत्रावर वजनाच्या आधी मापं वाचा.

तीस सेंटच्या वरच्या प्रत्येक खड्याला स्वतंत्र प्रमाणपत्र मागा. जीआयए आणि आयजीआय या दोन्ही संस्थांच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत आणि त्यांची प्रमाणपत्रं पुण्यातले सराफ सहज स्वीकारतात. प्रमाणपत्राचा क्रमांक बहुधा हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने कोरलेला असतो. भिंगातून तो स्वतः वाचा आणि संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. हिरा बसवल्यावर हा क्रमांक काट्याखाली झाकला जाऊ शकतो. तो दिसता राहील असा खडा फिरवून बसवा, हे कारागिराला आधीच सांगावं लागतं.

नैसर्गिक की प्रयोगशाळेतला? दोन्ही टिकायला सारखेच. प्रयोगशाळेतला खूप स्वस्त पडतो, त्यामुळे त्याच पैशात व्यास मोठा मिळतो. पण त्याचे भाव गेल्या काही वर्षांत सतत घसरले आहेत, म्हणून पुढे परत देताना फार थोडं हाती येईल असंच धरून चाला. पंचविसाव्या वाढदिवसाला पुन्हा बदलायचा विचार असेल तर हे महत्त्वाचं. निवड काहीही असो, पावतीवर ‘नैसर्गिक’ किंवा ‘लॅब ग्रोन’ असं स्पष्ट लिहून घ्या.

कोंदण: खरं काम इथे आहे

४.१ मिमीसाठी घडवलेल्या कोंदणात ५.१ मिमीचा हिरा बसत नाही. काटे बाहेर वाकवून तो बसवता येतो असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नकार द्या. वाकवलेले काटे खालच्या बाजूला ताणले जातात, टोकाला हिऱ्यावर येणारं सोनं अपुरं पडतं आणि काही महिन्यांत खडा हलू लागतो. दोन-तीन दशांश मिलिमीटरचा फरक असेल तर खाच नव्याने कापून भागतं. त्यापुढे नवं कोंदण हवं.

जुनं वळं राखायचं असेल तर जुनं कोंदण कापून त्याजागी नवं डाखतात. काम शक्यतो लेझरने करून घ्या, म्हणजे उष्णता एका ठिपक्यापुरती राहते. ज्वाळेने करायचं असेल तर बाजूचे हिरे आधी काढायला किंवा बोरिक ॲसिडचा लेप देऊन झाकायला सांगा. हिरा कठीण असला तरी तो कार्बनच; उघड्या हवेत फार तापला तर त्याचा पृष्ठभाग धुरकट होतो आणि मग पुन्हा पॉलिश करण्यावाचून इलाज नसतो.

जुनी अंगठी २२ कॅरेटची असेल तर इथे एक पेच आहे. २२ कॅरेटचे काटे मऊ असतात, मोठा हिरा धरायला भरवशाचे नाहीत. १८ कॅरेटचं कोंदण २२ कॅरेटच्या वळ्यावर डाखता येतं, पण मग अंगठी मिश्र टंचाची होते आणि पुढे मोडताना सगळी १८ची धरली जाण्याची शक्यता असते. दोन्ही भागांची वजनं वेगवेगळी पावतीवर लिहून घेतली तर निदान वाद होत नाही. वळ्यात भावना गुंतलेली नसेल, तर १८ कॅरेटची नवी अंगठी घडवणं जास्त सरळ.

काटे चार की सहा? अर्ध्या कॅरेटच्या वर सहा बरे. एक काटा तुटला तरी उरलेले पाच हिरा धरून ठेवतात. चारातला एक गेला की हिरा गेलाच समजा. चौकोनी प्रिन्सेस किंवा टोकदार मार्कीज आकार असेल तर टोकांना इंग्रजी व्ही अक्षरासारखे काटे लावून घ्या, कारण हिरा टोकाला आपटला तर टवका उडतो. दिवसभर हाताने काम करणाऱ्यांसाठी सोन्याच्या पट्टीने चहूबाजूंनी बंद केलेलं बेझल कोंदण उत्तम. हिरा किंचित लहान दिसतो, पण कणकेत अडकत नाही आणि हातमोज्यातही सहज जातो.

उंचीचाही विचार करा. १ कॅरेटचा हिरा साधारण ४ मिमी खोल असतो, त्याचं खालचं टोक बोटाला लागू नये म्हणून कोंदण उंच करावं लागतं. उंच कोंदण आणि खाली दीड मिलिमीटरचं नाजूक वळं अशी जोडी जमली की अंगठी बोटावर फिरून हिरा सारखा बाजूला कलंडतो. वळं थोडं रुंद करणं किंवा आतून सोन्याचे दोन बारीक मणी डाखणं हा त्यावरचा उपाय.

मापही आत्ताच घ्या. दहा-पंधरा वर्षांत बोट बदललेलं असतं. माप संध्याकाळी घ्या. पुण्यातल्या थंडीत सकाळी बोटं आकसलेली असतात आणि त्या मापाची अंगठी मे महिन्यात रुतते. भारतीय १२ नंबरचा आतला व्यास सुमारे १६.५ मिमी असतो.

सराफाशी बोलणी

लक्ष्मी रस्त्यावर आणि सोन्या मारुती चौकाच्या आसपास पेढ्या एकमेकींना लागून आहेत, त्यामुळे एका सकाळी तीन ठिकाणी दर विचारून होतात. गाडी नेऊ नका. मंडई मेट्रो स्थानकावर उतरून चालत जा, तेही आठवड्याच्या मधल्या वारी, दुकान उघडल्या उघडल्या. तेव्हा माणूस निवांत बोलतो आणि भिंगही हातात देतो.

पहिली भेट वाढदिवसाच्या सहा आठवडे आधी हवी. मधे दसरा, धनत्रयोदशी, गुढीपाडवा किंवा अक्षय्य तृतीया येत असेल तर आठ आठवडे धरा. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, कारागिरांच्या हाताला उसंत राहत नाही आणि घाईचं जडणकाम तेव्हाच होतं.

जुनी अंगठी ज्या दुकानातली आहे तिथे आधी जा. ‘एक्स्चेंज’ आणि ‘बायबॅक’ हे दोन वेगळे व्यवहार आहेत: पहिल्यात जुन्याची किंमत नव्या खरेदीत वळती होते, दुसऱ्यात पैसे मिळतात आणि ते सहसा कमी असतात. हिऱ्याची किंमत जुन्या पावतीवरून धरणार की आजच्या दराने, मूळ प्रमाणपत्र हरवलं असेल तर किती कपात, आणि नव्या हिऱ्याची किंमत जुन्याच्या दुप्पट तरी हवी अशी काही अट आहे का, हे तिन्ही प्रश्न विचारा. दुसऱ्या दुकानात गेलात तर बारीक हिऱ्यांचे पैसे पुष्कळदा धरलेच जात नाहीत. अशा वेळी ते हिरे पुडीत परत मागून घ्या. ते तुमचेच आहेत.

अंदाजपत्रकात सोन्याचं निव्वळ वजन आणि दर, घडणावळ, हिऱ्याचं वजन आणि प्रति कॅरेट दर, हॉलमार्किंग आणि जीएसटी हे सगळं सुटं सुटं लिहून हवं. दागिन्यावर जीएसटी ३ टक्के, आणि तो नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो. नवी अंगठी १,५०,००० रुपयांची आणि मोड ३०,००० रुपयांची असेल तर कर १,५०,००० वर, म्हणजे ४,५०० रुपये, आणि हातून द्यायचे १,२४,५०० रुपये. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो, आणि दोन लाख किंवा जास्त रक्कम रोखीने घेणं कायद्याला मान्य नाही.

अंगठी सोपवताना आणि परत घेताना

अंगठी काउंटरवर ठेवण्याआधी वरून, बाजूने आणि आतल्या शिक्क्याचे फोटो काढा. भिंगातून जुन्या हिऱ्यातला एखादा ठळक डाग शोधा आणि तो कुठल्या काट्याजवळ आहे त्याचं साधं चित्र काढून ठेवा: घड्याळाच्या चारच्या ठिकाणी काळा ठिपका, सातजवळ पिसासारखी रेघ. खडा परत येईल तेव्हा ओळख पटवायला याहून चांगला पुरावा नाही. जमा पावतीवर एकूण वजन, खड्यांची संख्या, मधल्या हिऱ्याची मापं आणि परत देण्याची तारीख हवी. काम दुकानातच होणार की बाहेरच्या कारखान्यात जाणार, तेही विचारा. बाहेर जाणार असेल तर वाटेतली जबाबदारी कुणाची ते लिहून घ्या. शक्य असेल तर हिरा तुमच्यासमोर काढून सुटा तोलायला सांगा. दोन मिनिटांचं काम असतं.

परत घेताना घाई करू नका. प्रमाणपत्राचा क्रमांक गर्डलवर पुन्हा वाचा. अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचक्या मारा. बारीक खुळखुळ ऐकू आली तर खडा सैल आहे. सुती धागा प्रत्येक काट्यावरून ओढा, अडकला तर टोक नीट बसलेलं नाही. बाजूने भिंग लावून पाहा: हिऱ्याची कड प्रत्येक काट्याच्या खाचेत टेकलेली हवी, आणि खाच काट्याच्या निम्म्या जाडीपेक्षा खोल नको. वरून पाहताना हिऱ्याचा सपाट माथा वळ्याशी समांतर हवा, एकीकडे कललेला नको.

नवी अंगठी दोन ग्रॅमच्या वर असेल तर आत बीआयएसचं चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक हवाच. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय विक्री करता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. तिथे ‘अंगठी’ऐवजी दुसराच दागिना दिसला तर अंगठी तिथेच ठेवा.

जुन्या हिऱ्याचं काय

२५ सेंटचा हिरा मंगळसूत्राच्या पेंडंटमध्ये सुरेख दिसतो. नाकातल्या चमकीसाठी मात्र तो फार मोठा; चमकीला दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे तीन ते दहा सेंट पुरतात, तेव्हा जुन्या अंगठीतले बाजूचे बारीक हिरे तिथे वापरा. नव्या अंगठीतच तो हवा असेल तर वळ्याच्या आतल्या बाजूला बुडवून बसवता येतो, बोटाला लागून राहतो आणि बाहेरून कुणाला दिसत नाही. त्यासाठी वळं त्या जागी तीन मिलिमीटरच्या आसपास जाड लागतं, हे घाट ठरवतानाच सांगा.

रोजच्या वापरात

कणीक मळताना, खलबत्ता वापरताना, तारेच्या घासणीने भांडी घासताना अंगठी काढा. डब्यात इतर दागिन्यांबरोबर सुटी ठेवू नका. हिरा शेजारच्या सोन्यावर आणि मोत्यांवर चरे पाडतो. पांढऱ्या सोन्याचं रोडियम वर्ष-दोन वर्षांत पुन्हा चढवावं लागेल. दर सहा महिन्यांनी धागा आणि टिचकी या दोन परीक्षा घरीच करा. खडा जरासा हलला तरी त्या दिवसापासून अंगठी बोटातून काढून डबीत ठेवा आणि काटे आवळून मिळेपर्यंत घालू नका. पावती, प्रमाणपत्र, फोटो आणि ते डागाचं चित्र एकाच पाकिटात राहू द्या. घराच्या विम्यात दागिने घ्यायचे असतील तर हेच कागद मागतात.